वर्तमानपत्राशेजारचे पवित्र शास्त्र : छापील मराठी आवृत्तीविषयी एक अभिप्राय

बायबल सोसायटी ऑफ इंडियाने प्रकाशित केलेले मराठी ‘पवित्र शास्त्र’, म्हणजे मराठी बायबल, आमच्या घरात तीन पिढ्यांपासून आहे. तरीही त्या प्रतीची मांडणी, भाषा आणि सोय-गैरसोय यांविषयी लिहावे असे मला आजवर सुचले नव्हते. शास्त्रवचनांना गुण देण्याचा माझा अधिकार नाही आणि तसा हेतूही नाही. प्रश्न मर्यादित आहे : आठवड्यातील बातम्या आणि समोर बसलेल्यांचा संसार डोळ्यांपुढे ठेवून ज्याला रविवारच्या उपासनेत बोलायचे आहे, त्याच्या हाती ही आवृत्ती कितपत उपयोगी पडते? आमच्या मंडळीचे (चर्चचे) पाळकसाहेब आसपासच्या चार गावांचे काम पाहतात, त्यामुळे महिन्यातील दोन रविवारी संदेश (प्रवचन) देण्याची जबाबदारी वडीलजनांवर, म्हणजे मंडळीने नेमलेल्या ज्येष्ठांवर, येते आणि त्यांतला एक रविवार बहुधा माझ्या वाट्याला येतो. शनिवारी रात्री जेवणे आटोपली की टेबलावर एका बाजूला आठवड्याची वर्तमानपत्रे आणि दुसऱ्या बाजूला हे पुस्तक असते. पुढची मते त्या टेबलावर तयार झालेली आहेत.

एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्र घेऊन उपदेश करावा, हे वाक्य प्रशिक्षण वर्गांत हमखास ऐकू येते आणि ते कार्ल बार्थ या स्विस ईश्वरविज्ञानी विचारवंताच्या नावावर सांगितले जाते. ‘टाइम’ साप्ताहिकाने १९६३ साली त्यांचा जो सल्ला छापला होता, त्याचा उत्तरार्ध मात्र सांगताना गळून पडतो : दोन्ही वाचा, परंतु वर्तमानपत्राचा अर्थ बायबलच्या आधारे लावा. आपल्याकडे पुष्कळदा उलटे घडते. आधी बातमी निवडली जाते, तिच्याविषयीचे आपले मत ठरलेले असते आणि मग त्या मताला शोभेल असे एखादे वचन शोधून त्यावर चिकटवले जाते. हा दोष उपदेशकाचा आहे, पुस्तकाचा नाही. तरी पुस्तकाची मांडणी त्या दोषाला आळा घालते की खतपाणी घालते, हे पाहण्यासारखे आहे.

माझ्याकडील प्रत साधी, ६६ पुस्तकांची आहे. मजकूर दोन स्तंभांत आहे, अधूनमधून उपशीर्षके आहेत आणि शुभवर्तमानांत (येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांत) जेथे तोच प्रसंग दुसऱ्या लेखकानेही सांगितला आहे, तेथे त्याचा संदर्भ कंसात दिलेला आहे. स्पष्टीकरणाच्या टीपा नाहीत. पहिल्यांदा पुस्तक हाती घेणाऱ्याला ही उणीव वाटेल, पण तिच्यामागे जुना विचार आहे. १८०४ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने शास्त्र टीपा व भाष्याशिवाय छापण्याचे धोरण स्वीकारले होते, कारण निरनिराळ्या पंथांच्या लोकांनी एकत्र येऊन छपाई करायची तर भाष्य कोणाचे छापायचे यावरच भांडण होणार हे उघड होते. त्या धोरणाची सावली आजच्या साध्या आवृत्त्यांवरही दिसते. त्याचा परिणाम असा की पुस्तक तुम्हांला अर्थ तयार करून देत नाही. मागचा-पुढचा अध्याय वाचण्याचे कष्ट तुम्हांलाच घ्यावे लागतात. माझ्या मते हा या आवृत्तीचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि घाईत असलेल्या उपदेशकासाठी तोच सर्वांत मोठा धोकाही आहे.

उदाहरणासाठी लूकच्या शुभवर्तमानातील १३व्या अध्यायाचा आरंभ पाहावा. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे पाच मजली इमारत कोसळून १६ जण मृत्युमुखी पडले. त्या आठवड्यात, टाळेबंदीमुळे फोनवरच चाललेल्या आमच्या प्रार्थनासभेत, एका गृहस्थांनी ‘देवाच्या कोपाविषयी’ बोलावे असे सुचवले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. महामारी आणि इमारत अशी दोन संकटे एकापाठोपाठ पाहून माणूस घाबरतो. परंतु लूक १३ मध्ये येशूपुढे नेमक्या अशाच दोन बातम्या आहेत. पहिली राजकीय आहे : रोमी सुभेदार पिलाताने काही गालीलकरांचे रक्त त्यांच्याच यज्ञबलींच्या रक्तात मिसळले. दुसरी येशू स्वतः काढतो : शिलोहातील बुरूज कोसळून १८ माणसे दगावली. ही माणसे यरुशलेमेत राहणाऱ्या इतर सर्वांपेक्षा अधिक अपराधी होती असे तुम्हांला वाटते काय, असा प्रश्न तो विचारतो आणि उत्तरही स्वतःच देतो : नाही. आणि मग, मेलेल्यांकडे बोट दाखवणारा हात तो बोलणाऱ्याकडेच वळवतो : तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही असाच नाश होईल.

येथपर्यंत बहुतेक संदेश पोहोचतात. त्याच्या पुढेच अंजिराच्या झाडाचा दाखला (बोधकथा) आहे. तीन वर्षे फळ न मिळाल्यामुळे मालक झाड तोडायला सांगतो आणि माळी म्हणतो, हेही वर्ष राहू द्या, मी त्याच्याभोवती खणून खत घालतो. हा दाखला वेगळा उचलून ‘फलदायी जीवन’ या विषयाखाली सांगण्याची रीत आहे. उपशीर्षकांच्या पद्धतीचा हा तोटा आहे : मथळा आला की वाचणाऱ्याला विषय संपला असे वाटते. पण बुरुजाची बातमी आणि माळ्याची विनवणी एका दमात वाचली, तर पहिल्या अर्ध्या भागातली धमकी वाटणारी वाक्ये बदलतात. बातमी ऐकून उरलेल्यांनी मेलेल्यांचा हिशेब मांडत बसू नये. हाती मिळालेल्या वर्षात खणावे आणि खत घालावे. छापील पानावर हे दोन्ही उतारे लागोपाठ असतात, नजर आपोआप खाली जाते आणि मधला मथळा ओलांडता येतो. त्या आठवड्यात मला हे दिसले ते पुस्तक उघडे होते म्हणूनच.

याच विषयावर आणखी एक वचन आहे, ज्याच्यावर मी आजवर एकही प्रवचन ऐकलेले नाही. ‘अनुवाद’ नावाच्या जुन्या करारातील पुस्तकात (२२:८) आज्ञा आहे की नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा घाल, नाहीतर कोणी वरून पडल्यास त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. इमारत कशामुळे पडली, परवानगी कोणी दिली, तपासणी कोणी केली, या वर्तमानपत्रातल्या कोरड्या वाटणाऱ्या प्रश्नांना धर्माशी काही देणेघेणे नाही असे मानणाऱ्यांनी हे एक वाक्य वाचावे. बांधकामाचा नियम येथे उपासनेच्या नियमांच्या पंक्तीला बसलेला आहे. आमच्या मंडळीत गवंडीकाम करणारे तिघे आहेत. मी हे वचन वाचले तेव्हा त्यांतला एक जण, जो एरवी संदेशाच्या वेळी दरवाजाकडे पाहत असतो, पुढे झुकून बसला होता.

आता भाषेविषयी, कारण रोजच्या जगण्याशी नाते जोडण्याचे खरे काम येथे भाषाच करते. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ हे वाक्य आपण इतक्या वेळा म्हटलेले असते की अनुवादकाने ‘अन्न’ असा सुरक्षित शब्द टाळून ‘भाकर’ निवडला याचे आपल्याला काहीच वाटत नाही. ज्याच्या घरी पहाटे भाकरी थापण्याचा आवाज होतो, त्याला या प्रार्थनेसाठी वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. रूथच्या पुस्तकातील ‘सरवा’ हा असाच शब्द आहे. पीक काढून झाल्यावर शेतात पडून राहिलेली कणसे वेचणे, याला आपल्या शेतकऱ्यांचा हा स्वतःचा शब्द आहे आणि तो शास्त्रात जसाच्या तसा आला आहे. शहरात वाढलेल्या मुलांना तो समजावून सांगावा लागतो; आमच्याकडे उलट घडले. रूथवरील माझा संदेश संपल्यावर एका आजींनी मला बाजूला घेऊन सांगितले, “सरवा मी वेचलाय बाबा, तुम्ही नुसता वाचलाय.” त्यापुढे माझ्या तयारीला फारशी किंमत उरली नाही.

त्या आजी तरुणपणी कोयत्यावर जात असत, म्हणजे नवराबायकोची जोडी करून, मुकादमाकडून उचल घेऊन, ऊसतोडीसाठी कारखान्याच्या भागात जात. रूथचे पुस्तक त्या डोळ्यांनी वाचले तर त्याची सुरुवातच वेगळी दिसते. बेथलेहेम या नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’ असा आहे, आणि त्याच गावात दुष्काळ पडतो म्हणून अलीमलेख नावाचा माणूस बायकोमुलांना घेऊन मवाब या परक्या देशात जातो. सुमारे दहा वर्षांनी त्याची बायको नामी परत येते ती नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून, रूथ या परक्या सुनेसह, सातूच्या हंगामाच्या आरंभी. पुढची गोष्ट प्रेमकथा म्हणून सांगितली जाते आणि लग्नसमारंभात वाचली जाते, त्याला हरकत नाही. पण तिचा पाया लेवीय १९ मधील कायदा आहे : शेताच्या कडेकोपऱ्यांपर्यंत कापणी करू नका, पडलेला सरवा गोळा करू नका, तो गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्या. रूथ ज्याच्या शेतात सरवा वेचते तो बवाज त्याच्याही पुढे जाऊन आपल्या गड्यांना पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे टाकायला सांगतो. उचलीच्या व्यवहाराविषयी बोलायचे तर उत्पत्ती ३१ मध्ये याकोबाचे गाऱ्हाणे आहे की ज्याच्याकडे तो राबत होता त्या सासऱ्याने, लाबानाने, आपले वेतन दहादा बदलले. आणि अनुवाद २४ मध्ये स्पष्ट आज्ञा आहे की मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी त्याच दिवशी द्यावी, कारण तो गरीब असतो आणि त्याचे चित्त तिच्याकडे लागलेले असते. मत्तय २० मधील द्राक्षमळ्याचा धनी संध्याकाळ होताच कारभाऱ्याला मजुरी चुकती करायला सांगतो, ती हीच आज्ञा होय. माझ्याकडील आवृत्ती ही सांगड घालून देत नाही. एक छोटासा संदर्भ कडेला छापला असता तर भाष्य न करताही वाचकाला मागे नेता आले असते, असे मला वाटते.

मत्तय २० निघालाच आहे तर या आवृत्तीतील एक ठळक अडचण सांगितली पाहिजे. मूळ ग्रीकमध्ये जेथे ‘दीनार’ हे रोमी नाणे आहे, तेथे मराठीत ‘रुपया’ आलेला आहे. पाच हजारांना जेवू घालण्याच्या प्रसंगी योहान ६ मध्ये येशूचा शिष्य फिलिप्प म्हणतो की दोनशे रुपयांच्या भाकरीही पुरणार नाहीत. अनुवाद झाला त्या काळी रुपयाला जे वजन होते, त्या वजनाने हा शब्द योग्यच होता. आज दोनशे रुपयांत एका कुटुंबाचे हॉटेलातले जेवणही होत नाही, आणि युवक संघातील मुले या ठिकाणी हसतात. दीनार म्हणजे साधारणपणे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे फिलिप्प दोनशे दिवसांच्या मजुरीचा हिशेब सांगतो आहे, एका माणसाच्या अर्ध्या वर्षाहून अधिक कमाईचा. आजच्या नाक्यावरच्या रोजंदारीने गुणून हा आकडा मंडळीला सांगितला की हसू थांबते. नाक्यावरून आठवले : दिवसाच्या अकराव्या ताशी, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास, बाजारात उभ्या असलेल्या माणसांना ‘तुम्ही येथे दिवसभर रिकामे का उभे राहिलात’ असे विचारल्यावर ते जे उत्तर देतात, की आम्हांला कोणी कामावर लावले नाही, ते उत्तर कोणत्याही मोठ्या शहराच्या मजूर नाक्यावर सकाळी दहानंतर ऐकता येते. रुपयाची अडचण आहे म्हणून तो शब्द काढून ‘दीनार’ घालावा, असे मात्र मी म्हणणार नाही. परका शब्द अचूक असतो, पण त्याला भूक लागत नाही. तळटीप पुरेशी होईल.

छापील प्रतीची तुलना फोनवरील ॲपशी होणे अपरिहार्य आहे, कारण आज मंडळीतील निम्मे लोक उपासनेला फोनच घेऊन येतात. शोध घेण्याची सोय, अक्षरे मोठी करण्याची सोय, प्रवासात ऐकण्याची सोय, यांबाबतीत ॲप निर्विवादपणे पुढे आहे आणि अधू दृष्टीच्या वडीलधाऱ्यांसाठी मी तेच सुचवतो. माझा आक्षेप ‘आजचे वचन’ या प्रकाराला आहे, आणि तो कोणत्याही एका ॲपपुरता नाही. एकतीस डिसेंबरच्या रात्री वर्षाचे वचन म्हणून चिठ्ठी उचलण्याची आपली जुनी प्रथा हेच काम करीत आली आहे. फोनने ते वर्षाऐवजी रोजचे केले. सुंदर निसर्गचित्रावर छापलेले यिर्मया २९:११ प्रत्येकाने पाहिलेले असेल : तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या मुलाला हे वचन पाठवले जाते आणि नोकरी मिळाली नाही की त्याच्या मनात पाठवणाऱ्याविषयी नव्हे, देवाविषयी शंका निर्माण होते. पान उघडून पाहिले तर हे बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान होऊन गेलेल्यांना लिहिलेले पत्र आहे. एकच वचन आधी सत्तर वर्षांचा उल्लेख आहे; म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. त्याहून आधी सांगितले आहे की घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी झटा व त्याच्यासाठी प्रार्थना करा. मागच्या २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोनच वर्षांत सारे पूर्ववत होईल असे लोकांना सांगत असतो, आणि तो खोटा ठरतो. गाव सोडून पुण्या-मुंबईत किंवा आखाती देशांत राहणाऱ्या आपल्या मुलांसाठी या पत्रात जे आहे, ते निसर्गचित्रावरच्या एका ओळीत मावत नाही.

फिलिप्पैकरांस ४:१३ चे तसेच झाले आहे. ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करायला शक्तिमान आहे’ हे वाक्य परीक्षेच्या आणि क्रिकेटच्या हंगामात फिरते. लिहिणारा पौल तुरुंगात आहे आणि आदल्याच वचनात तो तृप्त असणे व भुकेला असणे ही दोन्ही शिकलो असे म्हणतो आहे, हे फिरत नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) दोन्ही बंद दारांमागे झाले तेव्हा, देव मरीपासून राखील असे आश्वासन देणारे स्तोत्र ९१ दिवसाला दहा वेळा फोनवर येत असे, आणि काही संदेशांत तर ज्याच्यापाशी हे स्तोत्र आहे त्याला मुखपट्टीची गरज नाही असेही सुचवलेले होते. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात हेच स्तोत्र मंदिराच्या शिरोभागावर सैतानाने येशूला म्हणून दाखवले आहे, खाली उडी टाक म्हणून. शास्त्राचे वचन अचूक म्हणता येणे आणि ते योग्य जागी म्हणणे यांतले अंतर दाखवायला याहून चांगला उतारा मला माहीत नाही.

भाषा काही ठिकाणी जड आहे, हे मान्य केले पाहिजे. पौलाच्या पत्रांतील वाक्ये लांब आहेत, ‘नीतिमान ठरवणे’ यांसारखे शब्द मंडळीबाहेरच्या माणसाला अपरिचित वाटतात, आणि नव्याने येणाऱ्यांना पहिल्या दिवशी हे पुस्तक देऊन रोमकरांस उघडायला सांगणे अन्यायाचे आहे. त्यांनी मार्क आणि रूथपासून सुरुवात करावी. सोप्या मराठीची गरज आजची नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीकवरून भाषांतर करण्यात घालवली ती साध्या स्त्रियांना कळावे म्हणूनच, आणि १९२२ साली त्यांच्या निधनानंतर ते १९२४ मध्ये छापून निघाले. ज्यांना तुलना करून वाचायचे आहे त्यांनी ते भाषांतरही जवळ ठेवावे. वसईच्या किंवा अन्य कॅथलिक वाचकांनी विकत घेण्यापूर्वी लक्षात ठेवावे की त्यांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तके असतात. ६६ पुस्तकांच्या प्रतीत तोबीत, मक्काबी इत्यादी सापडणार नाहीत.

बाजारभाव, भेसळ, वजनकाटा यांविषयी बोलायचे असेल त्या आठवड्यात आमोसाचा आठवा अध्याय उघडावा. शब्बाथ कधी संपेल म्हणजे आम्ही धान्य विकू, माप लहान करू, किंमत वाढवू, काटा खोटा करू आणि गव्हाचे भूस विकू, असे व्यापाऱ्यांचे मनोगत तेथे आहे. मराठीत ‘मापात पाप’ असे आपण म्हणतो, त्याचा हा पूर्ण जमाखर्च आहे. एफा (धान्याचे माप) आणि शेकेल (वजन) हे शब्द अडले तरी अर्थ अडत नाही. मी हा अध्याय वाचला त्या रविवारी आमच्याकडील एक किराणा दुकानदार नंतर दोन आठवडे माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांच्या दुकानाविषयी मी काहीच म्हणालो नव्हतो.

खरेदीविषयी थोडेसे. खिशातील छोटी प्रत भेट देण्यास बरी असली तरी व्यासपीठावर तिचा उपयोग नाही. अक्षर बारीक असते आणि सभागृहातील दिवे आपल्या मनासारखे नसतात. मोठ्या टाइपाची प्रत घ्यावी, कडेला लिहिण्याइतकी जागा आहे का ते पाहून घ्यावे. किंमत अशा जाडीच्या इतर मराठी पुस्तकांच्या मानाने कमीच असते. मी कात्रणे त्या त्या उताऱ्यात ठेवतो, त्यामुळे माझ्या प्रतीची जाडी दीडपट झाली आहे आणि शिवण काही ठिकाणी सैल पडली आहे, तो दोष बांधणीचा नसून माझा आहे. टेबलावर ठेवून हात काढला की ती आता आपोआप लूकच्या तेराव्या अध्यायापाशी उघडते. तेथे महाडचे कात्रण आहे, आणि त्याच्यावर नंतर आणखी चार जमली आहेत.